रडकी बंद पडली की

टेकडीच्या माथ्यावर पहिल्यांदा धूर दिसला तेव्हा थोरली आप्पांची दाढी करत होती. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर साबणाचा फेस होता. तिने खिडकीतून पाहिलं, कुणीतरी पालापाचोळा पेटवला असेल अशी स्वतःची समजूत घातली आणि वस्तरा पुन्हा पाण्यात बुडवला. आप्पांनी मात्र डावा हात उचलून तिचं मनगट धरलं.

"गाढवा," ते म्हणाले.

आप्पांजवळ हा एकच शब्द उरला होता. गेल्या हिवाळ्यात झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत. तोंडात बसलेली एखादी शिवी तेवढी टिकून राहते. आप्पांनी जन्मभर हाताखालच्या माणसांना रागाने आणि मायेनेही ज्या शब्दाने हाका मारल्या, तोच शब्द नेमका टिकला. पाणी हवं असलं तरी गाढवा, कूस बदलायची असली तरी गाढवा, लेकीचं कौतुक वाटलं तरी गाढवाच. सुरावरून अर्थ लावायचा, एवढंच घरातल्यांच्या हाती होतं. घरातले म्हणजे तरी कोण, तर थोरली. आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि धाकटा भाऊ त्याच्या संसारात, शहरात.

आप्पा बागखात्यात माळी होते. मैदानांचं आणि रस्त्यांच्या कडेचं गवत कापण्यात त्यांची उभी हयात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी गवत कापायचं स्वतःचं यंत्र घेतलं: लांब दांडा, एका टोकाला छोटं पेट्रोलचं इंजिन, दुसऱ्या टोकाला गरगर फिरणारी नायलॉनची तार, आणि खांद्यात अडकवायला पट्टा. सुरू होताना कुरकुर, बंद होताना कुरकुर, म्हणून आप्पांनी त्याचं नाव ठेवलं रडकी. पण त्यांच्या हातात ती कधी अडली नाही. घर गल्लीच्या अगदी शेवटी, टेकडीच्या पायथ्याशी. मागे उतारभर गवत. दर उन्हाळ्याच्या तोंडावर आप्पा ते जमिनीलगत कापून टाकायचे. वाळलं गवत म्हणजे घराच्या दारात ठेवलेली काडेपेटी, असं म्हणायचे.

यंदा ते गवत कंबरेइतकं वाढून पिवळं पडून उभं होतं.

थोरलीने प्रयत्न केला नव्हता असं नाही. चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची तिची नोकरी होती; आप्पांसाठी ती सोडून ती घरी बसली होती, तेव्हा गवत कापणं काय मोठं, असं तिला वाटलं. पण रडकी तिच्या हाती नांदेना. सुरू व्हायची झोकात. चार-सहा पावलं गवत कापून व्हायचं, मग इंजिनाचा आवाज बारीक व्हायचा, चिरका व्हायचा, आणि ती बंद. मग कितीही दोरी ओढा, नाव नाही. तिने प्लग काढून घासला. पुन्हा चार पावलं. हवा गाळणारा स्पंज धुतला; पुन्हा चार पावलं. शेवटी ती यंत्र घेऊन बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे गेली. त्याने नवा प्लग टाकला, टाकीत ताजं पेट्रोल ओतलं, दोरी ओढली, आणि रडकी तिथे अशी गायला लागली की दुकानातली माणसं वळून बघायला लागली.

"ताई, यंत्र ठणठणीत आहे," तो म्हणाला. "हात बसावा लागतो."

घरी आल्यावर पुन्हा तेच. तिने हात टेकले. भावाला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तायडे, मी केव्हापासून सांगतोय. ते घर तुला एकटीला झेपणारं नाही. आप्पांना घेऊन माझ्याकडे ये." यावरून दोघांचं वाजलं. ज्या मातीत माणसाने आयुष्य घातलं, तिथून त्याला उचलून नेलं तर तो महिनाभरही जगायचा नाही, हे थोरलीचं म्हणणं. त्यानंतर ती गवताबद्दल भावाशी बोललीच नाही.

दाढीचा फेस पुसेपर्यंत धुराचा रंग बदलला. आधी पांढरा होता, आता मातकट पिवळा झाला, आणि त्याच्या बुडाशी मधूनच एक लाल जीभ दिसायला लागली. वारा टेकडीवरून थेट घराकडे येत होता.

पलीकडच्या घरातला बेकरीवाला धावत आला. त्याच्या गाडीत त्याची बायको, सासू आणि तान्हं मूल बसलेलं होतं.

"ताई, गाडीत आडवं झोपवायला जागा नाही," तो म्हणाला. "यांना खाली सोडतो आणि लगेच येतो. मागची बाकं काढून आप्पांना झोपवून नेऊ. तोवर तुम्ही कपडे, औषधं बांधून ठेवा."

तिने कपडे बांधले, औषधं बांधली. गाडी आली नाही. त्याचा फोन आला.

"वळणावर झाड पडलंय, पेटलेलं. माझ्या मागेच पडलं. गाडी निघत नाही आणि पोलीस पायीही सोडत नाहीत." त्याचा आवाज रडवेला झाला होता. "ताई, मी येतो. कसाही येतो."

तिने अग्निशमन दलाला फोन लावला. पलीकडे एक बाई होती. तिने शांतपणे सगळं विचारलं: घरात किती माणसं, चालता येतं का, घर कशाचं आहे, आजूबाजूला काय आहे.

"गवत आहे," थोरली म्हणाली. "वाळलेलं. कंबरेइतकं."



"आमची माणसं झाड कापतायत," बाई म्हणाली. "ती येतील, पण केव्हा ते मी सांगू शकत नाही. घराला टेकून असलेलं गवत जेवढं कापता येईल तेवढं कापा. कापलेलं ओढून लांब टाका. आग जवळ आली की आत जा, दारं-खिडक्या लावा, फटींना ओले कपडे लावा. वडिलांना उचलून बाहेर धुरात नेऊ नका."

वीज गेली होती, त्यामुळे पंप बंद होता. नळाला करंगळीएवढी धार येत होती. थोरलीने बादल्या आणि टब त्या धारेखाली लावले, विळा उचलला आणि मागच्या उतारावर गेली. वाकून कापायला लागली. मूठभर कापायचं, मूठभर फेकायचं. थोड्या वेळाने तिने मान वर करून पाहिलं तर एवढ्या मोठ्या उतारावर तिने कापलेला तुकडा सतरंजीएवढाही नव्हता. समुद्र वाटीने उपसायचा तसलं काम. 

मग ती शेडकडे धावली.

रडकी कोपऱ्यात धूळ खात पडली होती. डब्यात तेल मिसळलेलं पेट्रोल होतं. टाकीचं झाकण काढून तिने ते ओतलं, झाकण आवळलं, सांडलेलं पुसलं. रबरी फुगा दाबून पेट्रोल वर चढवलं, चोक लावला, पाय रोवून दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला रडकी उठली.

"आज नको हं," थोरली तिला म्हणाली. "आज रडू नकोस, बाई."

तिने पट्टा खांद्यात घातला आणि भिंतीपासून सुरुवात केली. तार फिरली, गवत आडवं पडायला लागलं. पुढ्यात रिकामी जमीन दिसायला लागली, तसा तिच्या जिवात जीव आला. घराच्या कोपऱ्यापर्यंतही पोचली नव्हती तोच आवाज बारीक झाला, चिरका झाला, आणि सगळं थांबलं. मग तिला दुसरा आवाज ऐकू आला. टेकडीवरून तडतड येत होती, कुणी कागद चुरगाळत असल्यासारखी.

तिने दोरी ओढली. पुन्हा ओढली. तळहाताची कातडी सोलवटली. प्लग काढला, तो कोरडा ठणठणीत. ओढणीच्या टोकाने पुसला, लावला. टाकीत पेट्रोल आहे ना, म्हणून झाकण उघडून पाहिलं, पेट्रोल होतं. झाकण लावलं, दोरी ओढली, आणि सुरू झाली.

प्लगच होता तर, तिला वाटलं. पुन्हा थोडं गवत कापून झालं आणि पुन्हा बंद.

फोन वाजला. धाकटा होता. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती.

"तायडे, कुठे आहेस? मी निघालोय, रस्त्यात आहे. आप्पा कसे आहेत?"

"आत आहेत. यंत्र बंद पडतंय रे. सारखं बंद पडतंय."

"कचरा असेल. टाकीत एक नळी असते, तिच्या टोकाला फिल्टर असतो. तारेचा आकडा करून ओढून काढ. तो साफ कर."

"तू कधी काढलायस?"

"नाही. पण असतो तो."

एरवी तिने ऐकवलं असतं की उंटावरून शेळ्या हाकू नकोस. पण बुडत्याला काडीचा आधार. तिने तारेचा आकडा केला, झाकण उघडलं, नळी ओढून काढली, टोकाचा इवलासा फिल्टर पुसला, फुंकला, आत सोडला, झाकण लावलं. दोरी ओढली. सुरू.

"झाली," ती फोनमध्ये ओरडली. "झाली सुरू."

फोन ओट्यावर ठेवून ती पुन्हा गवतात घुसली. यावेळी ती घाईघाईत कापत सुटली, वेडंवाकडं, जमेल तसं. राखेचे काळे तुकडे तिच्या केसांवर पडत होते. घशात धूर बसत होता. मागच्या भिंतीची निम्मी बाजूही झाली नसेल, आणि रडकीचा गळा पुन्हा दाटला. चिरका आवाज. शांतता.

थोरली तिथेच खाली बसली. आता करण्यासारखं काय राहिलं होतं? प्लग झाला, स्पंज झाला, फिल्टर झाला. जिथे जिथे हात लावू तिथे यंत्र तिला खेळवत होतं. थोडं हसायचं आणि पाठ फिरवायचं. आतमध्ये एक माणूस आहे, जो पळू शकत नाही, ओरडूही शकत नाही. आणि त्याच्या नि आगीच्या मधे फक्त ती आहे, आणि तिला साधं गवत कापता येत नाही. ती रडत नव्हती, पण तोंडून एक आवाज येत होता, तो तिचा तिलाच ओळखू येईना.

तेवढ्यात खिडकीवर ठकठक सुरू झाली. आप्पा पेल्याने गज वाजवत होते.

ती धावत आत गेली. खोलीत धूर शिरला होता. आप्पा खोकत होते, एका गालावर दाढी तशीच, डोळ्यांतून पाणी येत होतं.

"गाढवा," ते म्हणाले. "गाढवा, गाढवा."

"हो, देते पाणी."

उशाशी त्यांची पाण्याची बाटली होती. पातळ प्लॅस्टिकची, झाकणातून घट्ट बसवलेली नळी, आणि ओढलेलं पाणी परत उतरू नये म्हणून नळीत एकाच बाजूने उघडणारी छोटी झडप. झोपल्या झोपल्या पिता यावं म्हणून थोरलीनेच ती केली होती. तिने नळी त्यांच्या तोंडात दिली. आप्पांनी लुळा गाल उशीत दाबून नळीभोवती ओठ मिटून घेतले आणि ओढायला लागले. प्यायले नाहीत; पाणी हनुवटीवरून खाली सांडलं. पण ओढणं थांबवेनात. बाटलीच्या भिंती आत यायला लागल्या, कडकड वाजल्या, बाटली चपटी झाली. नळीतून पाणी यायचं थांबलं. तशीच चपटी बाटली त्यांनी डाव्या हातात धरून तिच्या डोळ्यांसमोर नाचवली आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं.

"आप्पा, मला नाही कळत," ती म्हणाली. "मला जाऊ द्या. आग आली."

ती वळली तशी त्यांनी बाटली टाकून तिची ओढणी धरली. एवढी ताकद त्या हातात असेल असं तिला वाटलं नव्हतं. मग त्यांनी बाटली पुन्हा घेऊन छातीशी दाबली, मान वाकवली आणि झाकण दातांत धरून फिरवायला लागले. एकदा निसटलं. दुसऱ्यांदा निसटलं. ओठ फाटून रक्त आलं. ती मदतीला पुढे झाली तर त्यांनी कोपराने तिला ढकललं. तिसऱ्यांदा झाकण फिरलं.

फुस्स.

बाटली टुणकन फुगली आणि होती तशी झाली.

तो आवाज थोरलीने ऐकला आणि ती जागच्या जागी थिजली. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. गेले कित्येक दिवस, प्रत्येक वेळी रडकी बंद पडल्यावर टाकीचं झाकण उघडताना तो यायचा. त्याच्याकडे तिने कधी लक्ष दिलं नव्हतं. प्लग घासल्यावर ती झाकण उघडून पेट्रोल बघायची. स्पंज धुतल्यावर झाकण उघडायची. दुरुस्तीवाल्याने पेट्रोल ओतायला झाकण उघडलं. आत्ता फिल्टर काढायला झाकण उघडलं. यंत्र सुरू व्हायचं ते झाकण उघडल्यामुळे. आणि नाव व्हायचं प्लगचं, नाहीतर फिल्टरचं.

"टाकीत हवा जात नाही," ती म्हणाली. "आप्पा, टाकीत हवाच जात नाही."

आप्पांनी डोळे मिटले आणि मान मागे टाकली.

ती बाहेर धावली. टाकीचं झाकण काढलं, फुस्स झालं. झाकण उलटंपालटं करून पाहिलं. काचा बसवून बसवून बारीक बघायची सवय झालेले तिचे डोळे. मधोमध सुईच्या टोकाएवढं एक भोक होतं, तेल आणि धुळीने लिंपून गेलेलं. नुसतं झाकण सैल ठेवून चाललं असतं, पण पेट्रोल गरम इंजिनावर सांडलं असतं, आणि अंगावर ठिणग्या पडत असताना तो धोका घ्यायची तिची छाती नव्हती. तिने खांद्यावरची सेफ्टी पिन काढली. भोकात घातली, फिरवली, मळाची एक काळी गोळी बाहेर आली. झाकण ओठांशी धरून फुंकलं. फुंकर पलीकडे गेली.

दोरी ओढली. रडकी उठली.

तिने कापायला सुरुवात केली आणि कान इंजिनाकडे लावले. कोपरा आला. आता आवाज बारीक होईल, आता होईल. झाला नाही. निम्मी भिंत झाली. मागची सगळी बाजू झाली. रडकी एका सुरात ओरडत राहिली. तो सूर थोरलीला चांगला ठाऊक होता. लहानपणी तो ऐकू आला की आप्पा कोणत्या मैदानावर आहेत ते तिला दुरूनच समजायचं.

मागचा पट्टा दोन पुरुष आडवे झोपतील एवढा रुंद झाल्यावर तिने यंत्र खाली ठेवलं, दाताळं घेतलं आणि कापलेलं गवत ओढून ओढून टेकडीच्या बाजूला लोटलं. मग पुन्हा यंत्र. आता आग दिसत होती, डोंब नाही, एक लांबच लांब ओळ, गुडघ्याएवढी, आणि वारा आला की माणसाएवढी. उतारावरून आग सावकाश खाली येते असं आप्पा सांगायचे. वाऱ्याला मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं. डाव्या बाजूला शेडपर्यंतचं गवत अजून उभं होतं. ती तिकडे वळली, थोडं कापलं, आणि रडकी थांबली. थोरलीने झाकण उघडलं, फुस्स झालं नाही. मग तिने पाहिलं, टाकी रिकामी होती.

डबा शेडमध्ये होता. शेडच्या पलीकडच्या झुडपाने पेट घेतला होता.

ती एक पाऊल पुढे गेली, आणि मागे फिरली. तसं ठरवून केलं नाही, पाय फिरले. यंत्र तिने रिकाम्या जमिनीवर टाकलं आणि घरात शिरून दार लावलं.

आप्पांची गादी तिने पलंगावरून त्यांच्यासकट खाली ओढली. ती धपकन आदळली, आप्पा कण्हले. "लागलं का हो," म्हणत म्हणत ती ओढतच राहिली. फरशीवरून सरकवत सरकवत गादी पुढच्या स्वयंपाकघरात आणली. चादरी टबात बुचकळून दाराच्या फटींना लावल्या, एक ओला टॉवेल आप्पांच्या तोंडावर धरला. मग काम संपलं. ती त्यांच्या शेजारी फरशीवर आडवी झाली, कारण हवा तेवढी खालीच होती.

बाहेर मोठा आवाज झाला. शेडमधला डबा असणार. मागच्या खोलीची काच तडकली. थोरलीने आप्पांचा हात घट्ट धरला होता. तिला त्यांना काही सांगायचं होतं आणि धुराने बोलता येत नव्हतं. क्षणभर दोघंही सारखीच झाली होती, सांगायचं असून शब्द नसलेली. आप्पा तिच्याकडे बघत होते. भीती त्यांच्याही डोळ्यांत होती, ती त्यांनी लपवली नाही.

पुढे किती वेळ गेला ते तिला कधीच सांगता आलं नाही. दारावर धक्के बसले, ते मोडलं. हेल्मेट घातलेली दोन माणसं आत आली आणि त्यांच्यामागे बेकरीवाला, गुडघे फुटलेला, तोंड काळं. रस्ता उघडायच्या आत तो त्यांना खालच्या ओढ्यातून पायी घेऊन आला होता.

"आहेत," तो मागे वळून म्हणाला. "दोघं आहेत." आणि भिंतीला टेकून मटकन खाली बसला.

आप्पांना झोळीत घालून ओढ्यातून खाली नेलं. जाताना थोरलीने मागे पाहिलं. शेड जळून बसली होती. आप्पांची झाडं, कुंपण, अवजारं, सगळं काळं झालं होतं. मागच्या बाजूला आग तिने कापलेल्या पट्ट्यापर्यंत आली होती आणि तिथे, कुणीतरी रेघ मारून दिल्यासारखी, थांबली होती. घराची मागची भिंत काजळलेली होती, पण उभी होती.

"पट्ट्याने वाचलं का?" तिने हेल्मेटवाल्याला विचारलं.

"शेवटी वारा पण पडला," तो म्हणाला. "पण पट्टा नसता तर वारा पडायची वाट बघायला कोणी उरलं नसतं."

हॉस्पिटलमध्ये आप्पांना नळीने ऑक्सिजन लावला. थोरली बाहेरच्या बाकावर बसली. दोरी ओढून ओढून तिचे तळहात सोलवटले होते. कुणीतरी दिलेला चहाचा कप तिला धरवेना, म्हणून तिने तो बाकावर ठेवून दिला.

तिथे बसल्यावर तिला एक गोष्ट सुचली आणि ती काही केल्या मनातून जाईना. रडकीचा आवाज खिडकीतून आप्पांना रोज ऐकू येत होता. सुरू होणं, बारीक होणं, चिरकणं, बंद पडणं. त्यांना पहिल्याच दिवशी कळलं असणार. ते खिडकीतून हाका मारत होते, गाढवा, गाढवा, घसा बसेपर्यंत. आणि ती काय करत होती? आवाजाचा त्रास होतो म्हणून चिडतायत, असा अर्थ लावून तिने जाऊन खिडकी लावून घेतली होती. एकदा नाही, बऱ्याचदा. वर म्हणाली होती, "झालं हं आप्पा, आता नाही त्रास."

धाकटा संध्याकाळी पोचला. शर्ट घामाने चिंब, पायात दोन वेगवेगळ्या चपला. तो बहिणीशेजारी बसला.

"फिल्टर नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता?"

"झाकणाचं भोक बुजलं होतं. आप्पांनी सांगितलं."

"सांगितलं म्हणजे?"

तिने बाटलीची सगळी हकीकत सांगितली. तो ऐकत राहिला. मग तोंडावरून हात फिरवत म्हणाला, "तायडे, आता तरी माझ्याकडे चला. मी भांडायला नाही म्हणत."

"त्यांची झाडं तिथे आहेत रे," ती सवयीने म्हणाली, आणि मधेच थांबली. झाडं नव्हती. आणि दुसरंही काहीतरी होतं. "आपण त्यांना विचारलंय का कधी?"

"ते कसं सांगणार?"

"वेळ दिला तर सांगतात."

दोघं आत गेली. आप्पा जागे होते. थोरली पलंगाच्या डाव्या बाजूला बसली, जिकडचा हात चालतो तिकडे. घराची किल्ली तिने चादरीवर ठेवली. भावाच्या खिशातून त्याच्या गाडीची किल्ली घेतली आणि ती शेजारी ठेवली.

"आप्पा, हे आपलं घर. दुरुस्त करू, राहू. ही याची गाडी. याच्याकडे जाऊ. तुम्हाला काय हवंय? घाई नाही."

आप्पांनी दोन्ही किल्ल्यांकडे पाहिलं. धाकट्याने तोंड उघडलं, तिने त्याच्या पायावर पाय दिला. आप्पांचा हात निघाला, घराच्या किल्लीवर आला, तिथे थांबला. एका बोटाने त्यांनी ती थोडी बाजूला सारली. मग गाडीची किल्ली मुठीत घेतली.

 ज्या घरासाठी ती भावाशी भांडली, आज दिवसभर जिवावर उदार झाली, ते त्यांना नकोच होतं. कधीपासून नको होतं, कुणास ठाऊक. ती उठायला गेली तर आप्पांनी किल्ली धाकट्याच्या दिशेने टाकली आणि मोकळ्या झालेल्या हाताने तिचं मनगट पकडलं.

"तूही, म्हणतायत," धाकटा म्हणाला.

"कळतंय मला," थोरली म्हणाली. तिने नाक पुसलं. "तुझ्याकडे लिफ्ट आहे ना नक्की? मागच्या वेळी बंद होती."

"आहे. चालू आहे."

"आणि खिडकी कुठल्या खोलीला आहे मोठी? त्यांना बाहेर दिसायला हवं."

धाकटा सांगायला लागला, कोणत्या खोलीत पलंग मावेल, कोणत्या नाही. आप्पा दोघांकडे आळीपाळीने बघत होते. मनगट त्यांनी सोडलं नव्हतं.